टायरचा आवाज

क्रो नदीच्या पुलावर माझी गाडी फिरली तेव्हा सकाळचे सात-सव्वासात झाले होते आणि रस्ता कोरडा होता. निदान मला तरी तो कोरडाच वाटला. मिनेसोटातला माझा पहिला हिवाळा. मेपल ग्रोव्हहून सेंट क्लाउडकडे जाणारा आय-९४ हायवे, घरापासून ऑफिसपर्यंत साधारण ५० मैल. आदल्या रात्री बर्फ पडला नव्हता, म्हणून मीही निर्धास्त होते. पहाटे जरासं भुरभुरलं होतं एवढंच, छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडेल इतपत. रॉजर्स मागे पडलं, पूल आला, पुढच्या पिकअपचे लाल दिवे लागले आणि कोल्हापुरात गाडी शिकलेलं कोणीही जे करेल तेच मी केलं. ब्रेक दाबला.

स्टिअरिंग हातात होतं, पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. दोर तुटल्यावर रहाट जसा नुसता गरगर फिरतो, तसं. गाडी आधी तिरकी झाली, मग आडवी, मग मला पिकअपच्या जागी मागून येणारे ट्रक दिसायला लागले. पूल संपल्यावर जाण्या-येण्याच्या रस्त्यांमध्ये गवताचा खोलगट पट्टा होता, त्यात साठलेल्या जुन्या बर्फात जाऊन गाडी रुतली. तोंड उलट, घराकडे. मला खरचटलंसुद्धा नाही. रेडिओवर एक बाई जंगली तांदळाच्या सूपची कृती सांगत होत्या, त्या सांगतच राहिल्या.

टोइंगवाला आला, त्यानं साखळी लावली, गाडी ओढून काढली, सकाळपासूनची ही त्याची कितवी गाडी आहे ते सांगितलं आणि गेला. इथे हे रोजचं आहे. मी मात्र पुढचे दहा दिवस ऑफिसला जाताना पूल आला की श्वास धरून बसायचे.

गावी अण्णांना फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. "लागलं न्हाई न्हवं?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मात्र मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. "फिरायच्या आधी टायरचा आवाज आला हुता काय?"

मी आठवून बघितलं. आवाज आला नव्हता. आला नव्हता एवढंच नाही, तर होता तो थांबला होता. हायवेवर सतत जी एक घरघर चालू असते, जिच्याकडे आपलं लक्षही नसतं, ती पुलावर चढताच कुणी तरी बंद केल्यासारखी गेली होती.

"मग तवाच पाय काढायचा," अण्णा म्हणाले. "रस्ता बोलायचा थांबला की आपण पाय काढायचा."

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट, २९ वर्षं. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या कपाटात आईच्या मंगळसूत्राच्या डबीत असतो. बर्फ म्हणाल तर त्यांनी तो पाहिला होता गोळेवाल्याच्या गाडीवर आणि गाडीच्या टपावरच्या मासळीच्या पाट्यांत. रत्नागिरीहून वर येताना पाट्यांतलं वितळलेलं पाणी खिडकीवरून ओघळायचं आणि घाटातल्या गार वाऱ्यात प्रवाशांच्या अंगावर उडायचं, त्यावरून भांडणं व्हायची. बर्फाशी त्यांचा संबंध एवढाच. तरीही त्यांना जे पहिल्या फोनमध्ये कळलं ते कळायला मला दोन हिवाळे लागले.

माझी गाडी ज्यावर घसरली त्या बर्फाचं ब्लॅक आइस हे नाव फसवं आहे. तो काळा नसतो. काचेसारखा पारदर्शक असतो, खालचं डांबर काळं म्हणून तो काळा. म्हणजे दिसतच नाही. फार तर रस्ता ओलसर वाटतो. पुलावर तो आधी धरतो, कारण साध्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते आणि पुलाला वरूनही वारा, खालूनही वारा. मिनीॲपोलिसच्या मधोमध मिसिसिपीवर आय-३५डब्ल्यूचा जुना पूल होता, १ ऑगस्ट २००७ ला कोसळला आणि १३ माणसं गेली, तोच. तो पडला वेगळ्याच कारणानं, भर उन्हाळ्यात. पण जवळच नदीचा धबधबा असल्यामुळे त्या पुलावर इतका बर्फ धरायचा की १९९९ मध्ये त्याला बर्फरोधक द्रव आपोआप फवारणारी यंत्रणा बसवली होती. त्या मानानं माझा क्रो नदीचा पूल म्हणजे किरकोळ.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. कडाक्याच्या थंडीत सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफसुद्धा रस्त्यावर गोठते. म्हणजे आकाश निरभ्र, आठवडाभर बर्फाचा कण नाही, आणि चौकात मात्र गाडी थांबता थांबत नाही. वर्षानुवर्षं इथे राहिलेली माणसं सिग्नलच्या कितीतरी आधीपासून हळू होत येतात, त्याचं कारण हे. मला आधी वाटायचं, काय ही माणसं, वेळच वेळ आहे यांच्याकडे.

भारतातून कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न "किती डिग्री?" उणे तीस म्हटलं की पलीकडून "बापरे". आता उणे तीसचं म्हणाल तर ३० जानेवारी २०१९ ला मिनीॲपोलिसला पारा उणे ३३ सेल्सिअसवर गेला होता, टपाल खात्यानं त्या दिवशी इथलं वाटप थांबवलं होतं. अशा थंडीत माणसानं बाहेर पडू नये हे खरं, पण रस्त्याच्या दृष्टीनं उणे तीस तितकं वाईट नसतं. बर्फ कोरडा, खरखरीत होतो, टायरला थोडा तरी धरतो. वाईट असतो तो शून्याच्या आसपासचा दिवस. दुपारी दोन अंश, लोक कोट उघडे टाकून फिरतायत, छपरावरून पागोळ्या, आणि सूर्य कलला की तेच पाणी रस्त्यावर पुन्हा गोठतं. बर्फावर पाण्याचा पातळ थर असला की त्याच्यासारखं निसरडं काही नाही. हे सगळं मी अण्णांना समजावून सांगत होते, तर ते म्हणाले, "म्हंजे म्रुगाचा पहिला पाऊस." घाटात धो-धो पावसाची त्यांना कधी भीती वाटली नाही. भीती पहिल्या सरीची. उन्हाळाभर साठलेली धूळ, ट्रकांचं सांडलेलं डिझेल आणि त्यावर नुसता शिडकावा. रस्त्याला साबण लावल्यासारखं. चांगला दोन दिवस पाऊस झाला की रस्ता धुऊन निघतो आणि मग निवांत.

मला बर्फावर गाडी शिकवली ती आमच्या ऑफिसातल्या साठीच्या एका बाईंनी. उत्तर मिनेसोटातल्या. शेतावर वाढलेल्या. पुलाचा किस्सा ऐकल्यावर त्या हसल्या नाहीत, "रविवारी संध्याकाळी मोकळी आहेस का?" एवढंच विचारलं. एका चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मला घेऊन गेल्या. चार इंच ताजा बर्फ, एकही गाडी नाही, दिव्याचे खांब कडेला. म्हणाल्या, आता घसर.

मला कळेना. मी घसरायचं नाही हे शिकायला आले होते.

त्यांनी मला वीसच्या वेगानं सरळ जायला लावलं (वीस मैल, म्हणजे तिशीतले किलोमीटर) आणि मध्येच ओरडल्या, ब्रेक! मी दाबला आणि पायाखाली पॅडल थरथरायला लागलं, पिठाच्या गिरणीच्या फळीवर पाय ठेवल्यासारखं, खडखड खडखड. मी घाबरून पाय काढला. त्या म्हणाल्या, हेच चुकतं सगळ्यांचं. तो एबीएस आहे, गाडी तुझ्या वतीनं सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक धरतेय आणि सोडतेय, तिला तिचं काम करू दे. तू पाय दाबून ठेव आणि नुसतं स्टिअरिंग सांभाळ. पुन्हा. पुन्हा. सहाव्या खेपेला मी पाय काढला नाही. गाडी थांबली, पण जिथे थांबेल असं वाटलं होतं त्याच्या किती तरी पुढे. त्यांनी उतरून पावलांनी अंतर मोजलं आणि मला दाखवलं. बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला नेहमीच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकतं असं मी वाचलेलं होतं. वाचलेलं वेगळं, आणि बर्फात उमटलेले आपल्याच टायरचे लांबलचक पट्टे बघणं वेगळं.

मग त्यांनी मुद्दाम वळण घ्यायला लावून गाडीची शेपटी सोडवली. मागची चाकं उजवीकडे सुटली की स्टिअरिंगही उजवीकडेच द्यायचं, हलक्या हातानं, आणि गाडी रुळावर येऊ लागली की लगेच सरळ करायचं, नाही तर ती दुसऱ्या बाजूला झोकांडी खाते. हे सगळं डोक्यानं करायला वेळ नसतो. त्यांची युक्ती एकच होती: ज्या खांबावर आदळायची भीती वाटते त्याच्याकडे बघायचं नाही; जिथे जायचंय तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे जातात. हे मला पटायला वेळ लागला, कारण भीती वाटते त्याच्याकडे बघत राहणं हा माझा जन्मजात स्वभाव.

दीड तास आम्ही त्या पार्किंगमध्ये गोल-गोल घसरत होतो. शेवटी शेवटी मला, खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली होती. घरी येऊन अण्णांना फोन केला तर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आमाला आसं शिकवायला कोण न्हवतं. आमी पाशिंजर भरूनच शिकलो."

टायरांबद्दल थोडक्यात. इथे विकत घेतलेल्या बहुतेक गाड्यांना ऑल-सीझन टायर असतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं मिनेसोटातला जानेवारी पाहिला नसावा. पारा सात अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. फरक एवढाच, पण तो फरक वळणावर कळतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. इथे सक्ती नाही, शहाणपण ज्याचं त्याचं. दुसऱ्या हिवाळ्यात मी घेतले. आणि ज्यांच्याकडे चारही चाकांना ताकद देणारी भारी एसयूव्ही आहे त्यांना एकच सांगणं: ती चारही चाकं गाडी निघायला मदत करतात, थांबायला नाही. हिमवादळाच्या दिवशी खड्ड्यात गेलेल्या गाड्या मोजा, त्यांत या दांडग्या गाड्याच जास्त दिसतात. निदान मला तरी.

गेल्या वर्षी आई गेली, आणि दिवाळीनंतर मी अण्णांना इकडे घेऊन आले. मार्चपर्यंत राहायचं ठरलं. लोकांनी मला वेड्यात काढलं, म्हाताऱ्या माणसाला उन्हाळ्यात आणायचं सोडून थंडीत कसलं आणतेस. पण गावच्या रिकाम्या घरात ते एकटे दिवसभर रेडिओ लावून बसायचे.

पहिला आठवडा ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून उजवा पाय जमिनीत दाबत होते. ब्रेक नसलेल्या बाजूला ब्रेक शोधणारा तो पाय मी रोज बघायचे. गाडी ऑटोमॅटिक आहे हे कळल्यावर त्यांना गाडीची दया आली. "गिअरच न्हाई तर ड्रायवरनं करायचं काय?" त्यांचा सगळा घाट गिअरवर उभा होता. ज्या गिअरवर चढ चढला त्याच गिअरवर उतार उतरायचा, ब्रेक फक्त शेवटाला. ब्रेकवर घाट उतरवणाऱ्या ड्रायव्हरची गाडी घाटाखालच्या साखरप्याला पोचेपर्यंत चाकांना जळका वास यायचा आणि स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर नाक धरून त्याची थट्टा करायचे. मी त्यांना दाखवलं की माझ्याही गाडीत गिअर खाली आणायची सोय आहे, पण बर्फावर तो एकदम आणला तर त्यानंही चाक सुटतं. त्यांनी ते मान हलवून ऐकून घेतलं. "हळू सगळंच," म्हणाले. "हितं हळू म्हंजे काय ते परत शिकायला लागंल."

डिसेंबरातल्या एका सकाळी हायवेवर पांढऱ्या रेघा दिसल्या, लांबच्या लांब, समांतर, कुणी फणी फिरवल्यासारख्या. अण्णांनी विचारलं, ह्यो काय रंग दिलाय? ते मिठाचं पाणी असतं. वादळ यायच्या आधीच रस्त्यावर मारून ठेवतात, म्हणजे बर्फ डांबराला चिकटून बसत नाही. त्यात साधारण २३ टक्के मीठ असतं. तेवढ्या खारट पाण्याला गोठायला उणे २१ अंश लागतात. हे ऐकल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "सांच्यातलं आइस्क्रीम!" मे महिन्यात आमच्या वाड्यात भाड्यानं आणलेला लाकडी सांचा फिरायचा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आम्ही पोरं आळीपाळीनं दांडा फिरवायचो, आणि आई ओरडायची की मीठ आत जाऊ देऊ नका रे. तेच मीठ आता ट्रकच्या ट्रक भरून आमच्या चाकांखाली. पण मिठाचीही एक हद्द आहे. उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ जवळपास हात टेकतं, मग त्यात दुसरे क्षार मिसळतात किंवा नुसती वाळू टाकतात. आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ शेवटी तळ्यांत जातं. चमचाभर मिठानं पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर पाणी खराब होतं असं इथलं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून मिरवणाऱ्यांना हे मीठ झोंबतं, पण हिवाळ्यात मीठ कमी टाका असं म्हणणारा पुढारी मला अजून दिसायचा आहे.

सेंट क्लाउडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोकळी शेतं आहेत. वारा सुटला की आकाशातून काही पडत नसतानाही शेतातला बर्फ उठून रस्ता ओलांडायला लागतो, सापांच्या झुंडी सरपटत जाव्यात तसा, जमिनीपासून वीतभर उंचीवर. रस्ताच वाहतोय असं वाटतं आणि डोळे त्याच्याबरोबर वाहवत जातात. तिथे अण्णांना एका शेतात मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या दिसल्या. शेतकरी माणसाला ते बघवेना. कापणीला गडी मिळाला नसंल का, म्हणाले. ती खरं तर भिंत आहे. उडणारा बर्फ त्या ताटांत अडकून शेतातच साठावा म्हणून रस्ते खातं शेतकऱ्यांना पैसे देऊन त्या ओळी ठेवायला लावतं. मक्याला कणसासकट उभं राहायचे पैसे! आठवडाभर गावच्या प्रत्येक फोनवर त्यांनी ही बातमी दिली.

पण त्यांचा जीव जडला तो बर्फ काढणाऱ्या ट्रकांवर. नारंगी, अजस्र, पुढे पातं, मागे मीठ फेकणारी चकती. इथले लोक मत देऊन या प्लाऊंची नावं ठेवतात. पहिल्या स्पर्धेत, २०२१ मध्ये, प्लाऊई मॅकप्लाऊफेस हे नाव जिंकलं, नंतर एकाचं बेटी व्हाइटआउट ठेवलं. अण्णांना यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडं न्हाई का, म्हणाले, शिवनेरी, हिरकणी. "हिला हिरकणी नाव द्यायला पायजे. राती-बेराती कडा उतरती." प्लाऊच्या मागे किमान दहा गाड्यांचं अंतर ठेवायचं असा नियम, कारण त्यानं उडवलेल्या ढगात काही दिसत नाही, आणि त्यालाही मागचं दिसत नाही. लोक तरीही वैतागून कडेनं पुढे काढतात. साफ केलेला रस्ता सोडून न साफ केलेल्या रस्त्यावर जाण्याची ही घाई मला आजवर समजलेली नाही. समोरून प्लाऊ आला की अण्णा हात वर करायचे. घाटात समोरून एसटी आली की ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा, स्टिअरिंगवरून तळवा जरासा उचलून. एकदा मी म्हटलं, अण्णा, त्याला कुठे दिसतंय. त्यांनी उत्तर दिलं नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर मोजायला अमेरिकन माणसं एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी असं म्हणतात, एका मिसिसिपीला एक सेकंद. चांगल्या रस्त्यावर तीन, बर्फावर आठ-दहा. खरी मिसिसिपी रस्त्याच्या उजव्या हाताला वाहत असते, गोठलेली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी ते बदललं. एक साखरपा, दोन साखरपा. मीही आता तसंच मोजते.

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर उणे वीस, काळ्या साड्यांवर गुडघ्यापर्यंत बूट आणि कोटावर कोट. परतताना सात वाजले होते. रस्ता ओला दिसत होता, पुढच्या गाड्यांचे दिवे त्यावर लांब पसरले होते. मी पन्नासवर होते. अण्णांनी एकाएकी काच खाली केली. आत थंडीचा असा लोट आला की मागच्या सीटवरची मुलगी किंचाळली.

"अण्णा!"

"गप. आईक."

मी ऐकलं. टायरचा आवाज येत होता, बारीक, खरखरीत, पापड भाजल्यासारखा. "हाय, धरून हाय," म्हणाले. मैलभर पुढे उड्डाणपुलाचा चढ सुरू झाला आणि ती खरखर विरत गेली. मी बघितलं, पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नव्हते. रस्ता ओला आणि तुषार नाहीत, म्हणजे ते पाणी नव्हे. मी पाय काढला. ब्रेक नाही, स्टिअरिंगला धक्का नाही, काही नाही. गाडी आपल्या वजनानं हळू होत पुलावरून गेली. पलीकडे उतरल्यावर खरखर परत आली. अण्णांनी काच वर केली आणि नाक पुसलं. घाटात धुकं उतरलं की ते असेच काच उघडी ठेवायचे, मला माहीत होतं. दोन हातांवरचं दिसत नसलं की कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीच्या पुढे चालायचा, आणि अण्णा दरीच्या बाजूचा आवाज ऐकायचे. डोंगराच्या बाजूला इंजिनाचा आवाज आपटून परत येतो, दरीच्या बाजूला परत येत नाही.

माझ्या डिकीत हिवाळाभर एक पेटी असते: फावडं, जंपर केबल, घोंगडी, मेणबत्ती आणि ती लावायला पत्र्याचा डबा, रुतलेल्या चाकाखाली टाकायला मांजराच्या घाणीसाठी मिळते ती वाळू, आणि खायला राजगिऱ्याचे लाडू. लाडू जानेवारीत इतके दगड होतात की त्यांनी काच फोडता येईल. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, हे इथे मुलांनाही माहीत असतं. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं, आणि त्याआधी उतरून मागची धुराची नळी बर्फानं बुजली नाही ना ते बघायचं, कारण तो धूर आत शिरला तर माणूस झोपेतच जातो. अण्णांनी पेटी उपसून बघितली आणि त्यात स्वतःहून एक वस्तू घातली, अडकित्ता. मी कारण विचारलं नाही.

फक्त एका गोष्टीला त्यांनी ठाम नकार दिला. फेब्रुवारीत लोक गोठलेल्या तळ्यांवर गाड्या घालतात, मधोमध झोपड्या टाकून बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. माणसाला चार इंच बर्फ लागतो, लहान मोटारीला नऊ-दहा. तिथे सगळं उलटं असतं: सीटबेल्ट काढून ठेवायचा, काचा उघड्या ठेवायच्या, म्हणजे गाडी खाली गेलीच तर बाहेर पडता यावं. अण्णा काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते. "रस्ता असून न्हाई तिथं मी गेलोय," म्हणाले, "पर रस्ताच न्हाई तिथं कशाला जायाचं?"

परतीच्या पंधरा दिवस आधीची सकाळ. पाच वाजता मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा, अण्णांनी चहा टाकलेला. काचेवर टिकटिक चालू होती. बर्फाचा आवाज येत नाही, आणि पावसाचा असा येत नाही. हवेत पाणी आणि टेकल्याबरोबर बर्फ, असा तो पाऊस. इथल्या सगळ्या ऋतूंतला सगळ्यात वाईट. अण्णांनी दार उघडून पायरीच्या लोखंडी कठड्यावर बोट फिरवून पाहिलं. कठड्याला काचेचा मुलामा चढला होता. नऊ वाजता माझी मीटिंग होती, माझ्याशिवाय होणार नव्हती.

"जायालाच पायजे काय?"

मी म्हटलं, हळू जाईन. टायर चांगले आहेत.

ते चहा ओतत बोलायला लागले. एका आषाढात रत्नागिरीहून येताना साखरप्याला त्यांनी गाडी लावली आणि घाट चढायला नाही म्हणाले. पाऊस होता, पण नेहमीचाच. दगड पडल्याची वर्दी नव्हती. त्यांना फक्त बरं वाटत नव्हतं. त्रेचाळीस प्रवासी. एका बाईची लेक कोल्हापूरच्या दवाखान्यात अडलेली. लोकांनी शिव्या घातल्या, एकानं कॉलर धरली, कंडक्टरसुद्धा म्हणाला की चला ना मामा, काय होतंय. पहाटेपर्यंत अण्णा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले.

"आणि मग?" मी विचारलं. "घाटात काय झालं होतं?"

"काय न्हाई. मागनं दोन ट्रक आलं, चढून गेलं. सकाळी आमीबी गेलो. घाट मोकळा हुता."

"आणि ती बाई?"

"ती एका ट्रकात बसून गेली." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "लेक झाली तिच्या लेकीला. नंतर एकदा गाडीत भेटली हुती. बोलली न्हाई माझ्यासंगं."

मी फोन घेतला आणि मीटिंग घरून करते असा निरोप टाकला. उत्तर येईपर्यंत आम्ही खिडकीशी उभे राहिलो. माझी गाडी दारात होती, वायपर उभे केलेले, तिच्यावर थर चढत चालला होता, आधी आरसे, मग काच, मग दाराच्या मुठी. गल्लीच्या टोकाला पिवळा दिवा फिरताना दिसला. नगरपालिकेचा प्लाऊ होता, पातं वर उचललेलं, नुसतं मीठ टाकत येत होता, माणूस चालेल इतक्या सावकाश. आमच्या दारावरून गेला तेव्हा खडे टपालपेटीवर ताडताड वाजले. अण्णांनी तळवा उचलला.

"किती वाजता सुटला असंल?" ते म्हणाले. "च्या तरी घेतला असंल का त्यानं?"